लाल काडी दिसली म्हणजे क्षयच का?

विद्यार्थिमित्रांनो, चुन्याच्या निवळीचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. परीक्षानळीत संगमरवराचे तुकडे घ्यायचे, त्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचे आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीतून जाऊ द्यायचा. निवळी दुधाळ होते. मग आपण प्रयोगवहीत लिहितो, "निरीक्षण : निवळी दुधाळ झाली. अनुमान : हा वायू कार्बन डायॉक्साइड आहे." शिक्षक बरोबरची खूण करतात आणि वही मिटते.

आता एक प्रश्न विचारतो. गंधक जाळल्यावर निघणारा सल्फर डायॉक्साइड वायू त्याच निवळीतून सोडला तर काय होईल? तीही दुधाळच होईल! म्हणजे आपले निरीक्षण खरे होते, पण त्यावरून काढलेले अनुमान तेवढ्यानेच सिद्ध होत नव्हते. संगमरवर आणि आम्ल आपणच नळीत घातले होते, म्हणून ते बरोबर निघाले. तीच नळी एखाद्या अनोळखी माणसाने आणून दिली असती, तर आपल्याला आणखी एक परीक्षा करावी लागली असती. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद नळीच्या तोंडाशी धरायचा. तो नारिंगीचा हिरवा झाला तर सल्फर डायॉक्साइड, नाही झाला तर कार्बन डायॉक्साइड.

वहीतले चुकलेले अनुमान खोडरबराने पुसता येते. पण असाच प्रकार माणसाच्या फुप्फुसाबाबत घडला तर? तो घडतो, आणि त्याची किंमत रोग्याला वर्ष-दोन वर्षे मोजावी लागते. म्हणून मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस असूनही आज रोगजंतूंविषयी लिहीत आहे. उपचाराचा सल्ला देण्याचा अधिकार माझा नाही, तो वैद्यांचा. परंतु निरीक्षण आणि अनुमान यांच्यातील अंतर हा प्रत्येक विज्ञान शिक्षकाचा विषय आहे.

परीक्षा नेमके काय विचारते?

२४ मार्च १८८२ या दिवशी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हा जंतू रंगवणे फार अवघड होते. त्याच वर्षी पाउल एर्लिख यांना असे आढळले, की एकदा का याने रंग घेतला, की आम्लाने धुऊनही तो रंग सोडत नाही. पुढे झील आणि नीलसन या दोन जर्मन संशोधकांनी या गुणाचा उपयोग करून रंगवण्याची जी पद्धत बसवली, ती थोड्याफार फरकाने आजही चालू आहे.

पद्धत सोपी आहे. रोग्याची थुंकी काचपट्टीवर पसरून सुकवतात. तिच्यावर कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग ओततात आणि वाफ दिसेपर्यंत खालून ऊब देतात. मग सल्फ्युरिक आम्लाने पट्टी धुतात. इतर सर्व जंतूंचा आणि पेशींचा लाल रंग धुऊन जातो. शेवटी मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग देतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात.

रंग का जात नाही? या जंतूंच्या भिंतीत मायकॉलिक आम्ले नावाचे मेणासारखे पदार्थ असतात. शेंगदाण्याच्या तेलातील मेदाम्लांच्या साखळीत साधारणपणे १८ कार्बन अणू असतात. मायकॉलिक आम्लात ६० ते ९० असतात! असा जाड मेणाचा थर उष्णतेने थोडा सैल पडतो, रंग आत शिरतो, आणि थंड झाल्यावर बाहेर पडू शकत नाही. मेणकापडावर पाणी ठरत नाही, तसेच येथे आम्लाचे होते.

आता नीट विचार करा. ही परीक्षा जंतूला कोणता प्रश्न विचारते? "तू क्षयाचा जंतू आहेस का?" असा तो प्रश्न नाही. "तुझ्या भिंतीत असे मेण आहे का?" एवढाच तो आहे. लाल काडी म्हणजे "होय, मेण आहे" हे उत्तर. आपण ते "होय, मी क्षयाचाच" असे वाचतो.

एका कुळातले अनेक

मेणाची भिंत असलेल्या या जंतूंचे एक मोठे कुळ आहे. त्याला मायकोबॅक्टेरियम म्हणतात. हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतूही याच कुळातला. क्षय आणि कुष्ठ यांचे जंतू सोडले तरी या कुळात आज सुमारे २०० जाती ज्ञात आहेत. त्यांना आपण सोयीसाठी "क्षयसदृश जंतू" म्हणू. त्यांतील बहुतेक माती, तळी, नद्या आणि नळाचे पाणी यांत राहतात आणि कोणाच्या वाटेला जात नाहीत. काही मात्र फुप्फुसात ठाण मांडतात. मग खोकला, बेडका, बारीक ताप, वजन घटणे, क्वचित थुंकीतून रक्त, असे सर्व होते. क्ष-किरण चित्रात गाठी आणि पोकळ्याही दिसतात. लक्षणे क्षयाची, चित्र क्षयासारखे, काचपट्टीवर लाल काड्या. चूक होणार नाही तर काय!

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील क्षयरोग्यांच्या रुग्णालयांत ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. १९५३ साली कॅन्सस सिटी येथील रोग्यांच्या थुंकीतून एक पिवळा जंतू वाढवण्यात आला. तो आज मायकोबॅक्टेरियम कॅन्सासी या नावाने ओळखला जातो. जॉर्जिया राज्यातील बॅटी नावाच्या रुग्णालयात सापडलेल्या दुसऱ्या एका जातीला तर कितीतरी वर्षे "बॅटी जंतू" असेच म्हणत. तो म्हणजे मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलेअर. पक्ष्यांना क्षयासारखा रोग करणारा मायकोबॅक्टेरियम एव्हियम हा त्याचा जवळचा भाऊबंद.

१९५९ साली अर्नेस्ट रन्यन यांनी या जंतूंची चार गटांत विभागणी केली. ती करण्यासाठी त्यांनी वापरलेल्या कसोट्या पाहिल्या तर पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला आनंद होईल. जंतूची वाढ अंधारात ठेवली, मग उजेडात आणली, की रंगात काय फरक पडतो? कॅन्सासीची वाढ अंधारात फिकट असते आणि उजेड मिळाला की पिवळी होते. काही जाती अंधारातही पिवळ्या असतात, काही दोन्हीकडे फिकटच राहतात. दुसरी कसोटी वेळेची. काही जातींची वाढ सात दिवसांच्या आत डोळ्यांना दिसते, बाकीच्यांना कित्येक आठवडे लागतात. साधा उजेड आणि भिंतीवरचे कॅलेंडर एवढ्या सामग्रीवर शंभर जातींच्या गोंधळात पहिली वाट पडली.

सूक्ष्मदर्शक आणखी मोठा घेतला तर काडीचे कूळ ओळखता येईल का, असे तुम्हांपैकी कोणी विचारील. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रोमीटर असते. त्यामुळे प्रकाशावर चालणाऱ्या उत्तमोत्तम साध्या सूक्ष्मदर्शकालाही पाव मायक्रोमीटरच्या आसपासचेच बारकावे वेगळे दाखवता येतात. हा जंतू २ ते ४ मायक्रोमीटर लांब आणि जेमतेम पाव ते अर्धा मायक्रोमीटर रुंद. म्हणजे त्याची रुंदीच यंत्राच्या मर्यादेजवळ आली! काडी दिसते, पण काडीच्या आतले वेगळेपण दिसत नाही. दोष तंत्रज्ञाच्या डोळ्यांचा नसतो, प्रकाशाची ती मर्यादाच आहे.

पाण्यातून छातीत

क्षय हा एका माणसाच्या खोकल्यातून दुसऱ्याकडे जातो. क्षयसदृश जंतू सहसा तसे जात नाहीत. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांत एका जातीचा असा प्रसार झाल्याचे पुरावे आहेत, पण तो अपवाद. मग पाण्यातला जंतू छातीत पोहोचतो कसा?

दहावीच्या पुस्तकातील धातूंचे प्रकरण आठवा. सल्फाइडाच्या धातुकांसाठी फेनतरण पद्धत वापरतात. धातुकाचे कण पाण्याने भिजत नाहीत, ते फेसाला चिकटून वर येतात. मेणाची भिंत असलेला जंतूही पाण्याने नीट भिजत नाही. पाण्यात हवेचा बुडबुडा वर येऊ लागला, की वाटेत भेटणारे असे जंतू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटतो आणि फुटताना बारीक थेंब हवेत उडवतो. त्या थेंबांत जंतूंचे प्रमाण मूळ पाण्यातल्यापेक्षा कितीतरी अधिक असते. इंट्रासेल्युलेअर जातीबाबत हे प्रयोगाने दाखवल्याचे संशोधन १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आहे.

असा थेंब हवेत किती वेळ राहील? स्टोक्सच्या नियमाने हिशेब करा. ४ मायक्रोमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब हवेतून सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर वेगाने खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीला टेकायला त्याला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल, तोही हवा अगदी स्तब्ध असेल आणि थेंब वाटेत वाळला नाही तर. एवढ्या बारीक आकाराचे कण नाकातल्या केसांना आणि श्वासनलिकेतल्या चिकट स्रावाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात.

याच मेणामुळे हे जंतू पाण्यातल्या क्लोरिनलाही इतर बहुतेक जंतूंपेक्षा पुष्कळ अधिक तोंड देतात आणि नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात मुक्काम करतात. २००९ मध्ये अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांत शॉवरच्या जाळ्या तपासल्या, तेव्हा आतल्या थरात त्यांचे प्रमाण पुरवठ्याच्या पाण्यापेक्षा खूपच वाढलेले आढळले.

हे वाचून अंघोळीची भीती घेऊ नका! आपण सर्वच रोज असे जंतू श्वासाबरोबर घेत असतो आणि निरोगी फुप्फुस त्यांचा बंदोबस्त करते. रोग होतो तो बहुधा ज्यांचे फुप्फुस आधीच दुखावलेले आहे त्यांना. श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असणे, धूम्रपानाने फुप्फुस झिजणे, दगडाच्या खाणीतली धूळ वर्षानुवर्षे छातीत जाणे, शरीराची प्रतिकारशक्ती घटणे, ही त्याची कारणे. या यादीत आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण मी मुद्दाम मागे ठेवले आहे. ते म्हणजे पूर्वी होऊन गेलेला क्षय. क्षय बरा होतो, पण फुप्फुसात व्रण आणि पोकळ्या मागे राहतात. तेथे हे पाहुणे घर करतात. आणि ज्याला पूर्वी क्षय झाला होता, त्याच्या थुंकीत पुन्हा लाल काड्या दिसल्या तर घरचे, शेजारचे आणि कधीकधी दवाखान्यातलेही एकच म्हणतात, "क्षय उलटला."

थोडे गणित

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. अशा देशात लाल काडी दिसली तर तो क्षय असण्याचाच संभव जास्त. मग दुर्मिळ जंतूंच्या मागे लागून वेळ आणि पैसा का घालवावा? गरीब देशाला हे परवडेल का?

आपण हिशेब करून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, एका प्रदेशात दर लाख माणसांमागे फुप्फुसाच्या क्षयाचे २०० रोगी आहेत आणि क्षयसदृश जंतूंचे ५. सर्वांच्या थुंकीत लाल काड्या दिसतात. म्हणजे लाल काड्यांचे २०५ रोगी, त्यांत ५ निराळे. ४१ रोग्यांत एक. तेव्हा काडी दिसताच क्षयाचे औषध सुरू करणे हे शहाणपणाचेच आहे. आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे येथपर्यंत बरोबर.

पण आता औषध सुरू झाले. समजा, क्षयाच्या २०० रोग्यांपैकी १९० जणांची थुंकी काही महिन्यांत स्वच्छ झाली आणि १० जणांची झाली नाही. क्षयसदृश जंतूंच्या ५ जणांना मात्र त्या औषधाचा काहीच उपयोग झाला नाही. आता लाल काड्या उरल्या कोणाच्या? दहा आणि पाच, एकूण १५ जणांच्या. त्यांतले ५ निराळे. म्हणजे तीन रोग्यांत एक! काडी तीच, सूक्ष्मदर्शक तोच, पण तिचा अर्थ पालटला. पहिल्या दिवशी ४१ पैकी एकाबाबत चुकणारा नियम सहा महिन्यांनी तिघांत एकाबाबत चुकू लागला.

या पंधरांनाही "औषधाला दाद न देणारा क्षय" असे सरसकट म्हटले तर काय होईल? त्या पाच जणांना अधिक जहाल औषधे मिळतील. त्यांतील काही औषधांचे हातापायांच्या नसांवर आणि रक्तावर दुष्परिणाम होतात. घरात त्यांचे ताट-पेला वेगळा काढला जाईल, मुलांना जवळ जाऊ दिले जाणार नाही, आणि जो रोग सहसा एकाचा दुसऱ्याला होतच नाही त्याच्यासाठी माणूस वाळीत पडेल. ज्या उपायाने बरे वाटले असते तो मात्र सुरूच होणार नाही.

कारण उपाय खरोखरच निराळा आहे. क्षयाच्या साध्या उपचारातील आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही औषधे एव्हियम गटाच्या जंतूंपुढे निष्प्रभ ठरतात. त्या रोगाला ॲझिथ्रोमायसिनसारखे औषध, जोडीला रिफाम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल, अशी योजना असते. ती थुंकीतली वाढ थांबल्यावरही पुढे १२ महिने चालू ठेवायची असते. ॲब्सेसस नावाची जात तर क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी कशालाच जुमानत नाही. उलट कॅन्सासी रिफाम्पिसिनने बरा होतो. म्हणजे "क्षय नाही" एवढे कळूनही पुरत नाही. कोणती जात, हेही कळावे लागते.

तेव्हा "परवडेल का" या प्रश्नाचे माझे उत्तर असे : पहिल्या दिवशी सर्वांची जात ओळखणे कदाचित परवडणार नाही. पण जो औषधाने सुधारत नाही, त्याची ओळख न पटवणेच महाग पडते.

उलटी चूकही होते

मित्रहो, आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. जंतूंची ओळख पटवण्यासाठी थुंकीतले जंतू अंड्यापासून बनवलेल्या हिरव्या खाद्यावर वाढवतात. क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. आतड्यातला ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी साधारण २० तास लागतात. त्या २० तासांत ई. कोलायचे दुप्पट होणे ६० वेळा घडेल. अर्थात तेवढे खाद्य कोठून येणार, हे सोडून द्या. म्हणून क्षयाची वाढ डोळ्यांना दिसायला तीन ते आठ आठवडे लागतात. ती फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत, फिकट बदामी दिसते.

आता समजा, बाटलीत वाढ झाली आणि ती क्षयसदृश जंतूची निघाली. म्हणजे रोग सापडला का? तसेही नाही! हे जंतू नळाच्या पाण्यात असतात. रोग्याने चूळ भरली, डबी पाण्याने विसळली, तरी ते थुंकीत येऊ शकतात.

किरणोत्सर्ग मोजणारा गायगर गणक तुम्ही ऐकला आहे का? जवळ कोणताही किरणोत्सर्गी पदार्थ नसतानाही तो अधूनमधून टक् टक् करतो. खडक, भिंती आणि अवकाशातून येणारे किरण यांमुळे ही पार्श्वभूमी सदैव असते. एक टक् ऐकून कोणी "युरेनियम सापडले" असे ओरडत नाही. आधी पार्श्वभूमी मोजायची, मग तिच्यापेक्षा अधिक आणि पुन्हापुन्हा मोजणी येते का हे पाहायचे. क्षयसदृश जंतूंचेही तसेच. म्हणूनच २००७ साली अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांनी घालून दिलेल्या नियमांनुसार तीन गोष्टी जुळाव्या लागतात : रोगाची लक्षणे, फुप्फुसाच्या चित्रात तसे बदल, आणि निरनिराळ्या वेळी घेतलेल्या थुंकीच्या निदान दोन नमुन्यांत तोच जंतू. क्षयाच्या जंतूला मात्र अशी पार्श्वभूमी नाही. तो नळात वाढत नाही, त्याचे घर माणूस. प्रयोगशाळेत सरमिसळ झालेली नसेल तर त्याचा एक नमुनाही गंभीरपणे घ्यावा लागतो.

पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष केल्याने काय होते याचे एक मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. हातावर टोचून करायची मांटू चाचणी क्षयाच्या जंतूंतील प्रथिनांवर आधारलेली आहे. पण क्षयसदृश जंतूंतही मिळतीजुळती प्रथिने असल्याने त्यांच्या नुसत्या सहवासानेही हात सुजू शकतो. १९६८ मध्ये तमिळनाडूतील चिंगलपेट भागात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने बीसीजी लशीची फार मोठी चाचणी सुरू केली. १९७९ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले. मोठ्या माणसांना होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून लशीने संरक्षण दिले नव्हते. ब्रिटनमध्ये मात्र याच लशीने चांगले संरक्षण दिले होते. या फरकाची जी कारणे शास्त्रज्ञांनी पुढे मांडली, त्यांत एक असे, की त्या भागातील लोकांचा माती-पाण्यातल्या क्षयसदृश जंतूंशी आधीच भरपूर संबंध आलेला होता आणि त्यामुळे लशीचा खरा परिणाम झाकला गेला. हेच एकमेव कारण असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्यांना आपण किरकोळ म्हणून सोडून देतो, ते लाखो लोकांवरच्या प्रयोगाचा अर्थ बदलू शकतात, एवढे त्यावरून दिसते. अर्थात लहान बाळांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या भयंकर रोगांपासून बीसीजी वाचवते, म्हणून ती बाळांना दिली जाते आणि द्यायलाच हवी.

दोन उत्तरे जुळत नाहीत तेव्हा

आज साधने सुधारली आहेत. थुंकीतील क्षयजंतूचा विशिष्ट जनुक शोधणारे यंत्र सुमारे दोन तासांत उत्तर देते. अशा एका यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली. गोव्यातील एका कंपनीने बनवलेल्या ट्रूनॅट या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रालाही २०२० मध्ये तिची शिफारस मिळाली. जिल्ह्याच्या गावी आता अशी सोय असते. हे यंत्र "तू क्षयाचाच का?" हा नेमका प्रश्न विचारते.

मग गंमत अशी होते, की एखाद्या रोग्याच्या थुंकीत सूक्ष्मदर्शक म्हणतो "लाल काड्या आहेत" आणि यंत्र म्हणते "क्षय नाही". अशा वेळी दोहोंपैकी एक उपकरण बिघडले असे मानून सोयीचे उत्तर घेण्याचा मोह होतो. पण दोन्ही उत्तरे खरी असू शकतात! मेणाची भिंत आहे आणि क्षयाचा जनुक नाही. या दोन वाक्यांचा मेळ घालणारे नाव म्हणजे क्षयसदृश जंतू. विज्ञानात न जुळणारी निरीक्षणे ही अडचण नसून ठेव असते. ती कचऱ्यात टाकणे योग्य नाही.

म्हणून माझी आग्रहाची मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, सूक्ष्मदर्शकाच्या अहवालात जे दिसले तेच लिहिले जावे. "क्षयाचे जंतू आढळले" याऐवजी "आम्लाने रंग न सोडणारे जंतू आढळले" असे लिहायला शाई थोडी जास्त लागेल, पण पुढच्या वैद्याला दार उघडे राहील. दुसरी, ज्याची थुंकी उपचारानंतरही स्वच्छ होत नाही, किंवा ज्याच्या दोन परीक्षांची उत्तरे जुळत नाहीत, त्याचा जंतू वाढवून त्याची जात ओळखणे हा नियम व्हावा आणि त्याची सोय मोठ्या शहरांपुरती राहू नये. तिसरी, या रोग्यांची नोंद ठेवावी. २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक आहे. क्षयसदृश रोगांना तसा नियम नाही. न मोजता त्यांना दुर्मिळ म्हणणे हे शास्त्राला धरून नाही.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. हा लेख वाचून घरातल्या कोणाचे क्षयाचे औषध बंद करू नका आणि "तुमचा तो क्षय नसेलच" असेही सांगू नका. आपल्या देशात लाल काडी बहुतेक वेळा क्षयाचीच असते, हे आपण वर हिशेबानेच पाहिले. औषध पुरे सहा महिने घ्यायचे. सुधारणा दिसली नाही, तर "जंतूची जात तपासली का?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारायचे. तेवढा अधिकार प्रत्येक रोग्याला आहे.

आणि शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान असे दोन रकाने असतात. त्यांच्या शेजारी तिसरा आखून घ्या : "हेच निरीक्षण आणखी कशामुळे येऊ शकेल?" चुन्याची निवळी दुधाळ झाली, लिटमस निळा झाला, विजेचा दिवा लागला नाही, प्रत्येक वेळी तो भरून घ्या. सुरुवातीला मुले तो कोरा सोडतील. महिन्याभरात त्यात एक-दोन ओळी येऊ लागतील. आजच्या वर्गातली काही मुले उद्या काचपट्टीवर वाकून लाल काड्या मोजणार आहेत. तिसरा रकाना भरायची सवय त्यांना आतापासून हवी.